आठ दिवसांचा जाळ

संपादकांनी पत्राच्या शेवटी हातानं एक ओळ लिहिली होती: "पहिल्या नोकरीपासून निरोपाच्या हारापर्यंत सगळं नको, एखादंच सांगा." म्हणजे माझ्यासारख्या निवृत्तांनी त्यांना आधी बराच त्रास दिलेला दिसतो. तर बाकीची बत्तीस वर्षं बाजूला ठेवतो आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एका परीक्षेला बसलो, तेवढंच सांगतो. त्या परीक्षेत मी पास झालो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गोष्ट त्याची नाही.

माझं काम साखर कारखाने उभे करण्याचं. इमारती नव्हे, आतली यंत्रं. बारामतीत आमच्या ठेकेदार कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि साइट कुठंही असायच्या. उसाचा रस काढणारे चरक, वाफ करणारा बॉयलर, पाइपांचा पसारा, हे सगळं उन्हाळ्यात बसवायला घ्यायचं आणि ऊस तोडीला आला की कारखाना चालू करून द्यायचा. गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली की हंगाम सुरू. मोळीची तारीख ठरली की ती हलत नाही, कारण ऊस शेतात थांबत नाही. म्हणून आमची गणितं सगळी उलटी, मोळीपासून मागं मोजत यायची. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तक्ता लावलेला असे. कामाचं नाव आणि त्यापुढं जितके दिवस तितकी लांब रंगीत पट्टी. पहिल्या आठवड्यात त्यावर धूळ बसायची, दुसऱ्या आठवड्यात चहा सांडायचा आणि तिसऱ्यापासून त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. खरी साइट मी डोक्यात चालवायचो. त्याचा मला गर्व होता, हे आज लिहायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कंपनीला आफ्रिकेतल्या एका कारखान्याचं काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. तिकडच्या सल्लागारांनी अट घातली की काम सांभाळणारा माणूस प्रकल्प व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय परीक्षा पास झालेला हवा. आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना आम्ही नुसतं मोठे साहेब म्हणायचो, त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही बसा."

मी म्हणालो, "साहेब, सतरा कारखाने चालू करून दिलेत. आता परीक्षा कसली?"

"कारखाने आफ्रिकेतून दिसत नाहीत," साहेब म्हणाले. "प्रमाणपत्र फॅक्सनं जातं."

अमेरिकेहून जाडजूड पुस्तक आलं. ते वाचायला कुणी शिकवणारं मिळेना. शेवटी बारामतीतल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या शिंदे मॅडम सापडल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांना हा विषय येत होता आणि रविवारी सकाळी रिकामा वर्ग मिळत होता. पहिल्याच रविवारी त्यांनी शंभर प्रश्नांची सराव परीक्षा घेतली. चार उत्तरं दिलेली, बरोबर असेल त्यावर खूण करायची. मी तासाभरात संपवली, पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. मॅडमनी पेपर तपासला, परत एकदा तपासला आणि माझ्यापुढं ठेवला. अडतीस.

मला वाटलं त्यांची बेरीज चुकली. मी स्वतः मोजले. अडतीसच होते. मी इतका हबकलो की चहा घेता का असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "अडतीस" असं उत्तर दिलं. घरी बायको मेथी निवडत होती. तिनं आकडा ऐकला आणि मान वर न करता म्हणाली, "आपला संजू एवढे मार्क घेऊन आला होता तेव्हा तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता."

तेव्हापासून मी पहाटे उठून अभ्यासाला लागलो. पुस्तकातली वाक्यं पाठ होईनात, पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. त्या लोकांना कामाला किती दिवस लागतात यात फारसा रस नव्हता. कुठलं काम कुणासाठी थांबलंय, हे ते विचारत होते. मॅडमनी एकदा फळ्यावर चहाचं उदाहरण दिलं. पाहुणे आलेत. पाणी उकळायला पाच मिनिटं, कोपऱ्यावरून दूध आणायला दहा. दोन्ही एकदम सुरू केली तरी चहा पाण्यामुळं अडत नाही, दुधामुळं अडतो. मग घाई करायची तर दूध आणणाऱ्याची करायची, गॅस मोठा करून उपयोग नाही. अशी सगळी कामं बाणांनी जोडली की कुठल्या कामात दिरंगाई झाली तर पाहुणे उपाशी जातील, ते कागदावर दिसतं. मी म्हणालो, "मॅडम, हे आमच्या बायका रोज करतात." साइटवरच्या तक्त्याचं मी त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हो, पण सर, त्या तक्ता लावून त्यावर चहा सांडत नाहीत."

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. स्वतः पूर्ण केलेलं एखादं काम घ्या आणि त्याचं असं बाणांचं चित्र काढा. प्रत्येक कामात एक तरी बाण आला पाहिजे आणि एक तरी बाहेर गेला पाहिजे.

मी मुद्दाम नऊ वर्षांपूर्वीचं एक बिघडलेलं काम निवडलं. आमच्याच नदीकाठचा एक कारखाना. नाव सांगत नाही, तो आज उत्तम चालतो. तिथं मोळी टाकल्यावर चौथ्या दिवशी बॉयलरच्या भट्टीची पुढची भिंत आतल्या आत कोसळली होती. कुणी माणूस जखमी झाला नाही, पण बॉयलर थंड झाला आणि कारखाना पंधरा दिवस बंद पडला. उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ऊस वाळत होता आणि गाडीवान आम्हाला जे बोलत होते ते इथं छापता येणार नाही. चूक गवंड्याची होती, चौकशीचा अहवाल मीच लिहिला होता. "माणसाच्या चुकीमुळं निर्माण होणारा धोका" हा एक धडा पुस्तकात होता, त्याला हे उदाहरण चपखल बसेल असं मला वाटलं.

आता भट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. बॉयलरच्या पोटात जिथं जाळ असतो तिथं आतून खास भाजक्या विटांचं अस्तर लावतात. ते लावणारे गवंडी निराळेच असतात. घर बांधणाऱ्या गवंड्याला ते जमत नाही, कारण सांधा पोस्टकार्डाइतका पातळ लागतो. आमच्याकडं या कामाला कळंबचे महादू तात्या होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, पण बापानं मेंढरं सोडून थापी धरली आणि तात्यांनी ती पुढं चालवली. दोन ओळी लावून झाल्या की ते डोळे मिटून विटांवरून तळहात फिरवायचे. कुठं नखभर जरी वर आलं असेल तरी वीट काढून परत लावायचे. त्यांच्या भट्ट्या आम्ही कधी तपासल्या नाहीत.

अस्तर ओलं असतं. ते मंद आचेवर आठेक दिवस सुकवावं लागतं. एकदम मोठा जाळ घातला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि विटा सुटतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण आमच्या साइटवर सुकवण्याचं असं वेगळं काम कधी नसायचं. आमच्याकडं असायचं अग्निप्रदीपन. दसऱ्याच्या सुमाराला मुहूर्त धरून चेअरमनसाहेब सपत्नीक पूजा करायचे, नारळ फुटायचा, भट्टीत लाकडं पेटवायची. तो पूजेचा जाळ विझू द्यायचा नाही ही पद्धत होती. महादू तात्या आणि त्यांची माणसं आळीपाळीनं बसून एकेक लाकूड सरकवत तो जागता ठेवायची. आठ-नऊ दिवसांनी मोळी. तोवर अस्तर आपोआप सुकून जायचं. तक्त्यावर त्याची पट्टी कधी काढली नाही, कारण काढायची गरजच पडली नव्हती.

रविवारी मी माझं बाणांचं चित्र घेऊन गेलो. मॅडमनी बोटानं एकेक बाण तपासला आणि भट्टीपाशी थांबल्या.

"सर, अस्तर लावलं की लगेच पूर्ण जाळ? सुकवायचं नसतं?"

"सुकतं ना. अग्निप्रदीपनानंतर आठ दिवस जाळ असतो."

"मग इथं अग्निप्रदीपन कधी झालं आणि मोळी कधी?"

मी जुनी साइटची डायरी बरोबर नेली होती. पानं उलटली. त्या वर्षी पूजेच्या प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता म्हणून मुहूर्त सहा दिवस पुढं गेला होता. मोळीच्या पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या, त्यामुळं मोळी जागेवरच राहिली. अग्निप्रदीपन आणि मोळी यांच्यात दोन दिवस होते.

मी परत मोजलं. बोटांवर मोजलं. दोनच.

मॅडम काहीतरी म्हणत होत्या, ते मला ऐकू येत नव्हतं. मला त्या कोसळलेल्या विटा दिसत होत्या. पडलेल्या भिंतीतली एक वीट उचलून मी तिला चिकटलेला सांध्याचा गारा चुरडला होता आणि तो हाताला ओला लागला होता. आठ दिवसांच्या जाळानंतरही ओला, म्हणजे गवंड्यानं पाणी जास्त घातलं, असा मी निष्कर्ष काढला होता. आठ दिवस माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते की ते झालेत का, हे मोजायचं मला सुचलंच नाही. "गारा सदोष. गवंडीकाम निकृष्ट. संबंधित गवंड्यास यापुढे काम देऊ नये." ही माझी वाक्यं. ती मी बॉयलर हाऊसमध्ये, संचालक आणि पाऊणशे कामगार उभे असताना मोठ्यानं वाचली होती. महादू तात्या बॉयलरच्या पायरीवर बसून ऐकत होते. ते उठले आणि थापी पिशवीत घालून निघून गेले. त्यानंतर आमच्या कंपनीनं त्यांना बोलावलं नाही, आणि आमचं बघून बाकीच्यांनीही नाही.

डायरीचं पान मी अजून उघडंच धरलं होतं. मुहूर्ताच्या आदल्या दिवशीची नोंद, माझ्याच अक्षरात: "म. तात्या भेटले. पूजेच्या जाळाविषयी. किरकोळ."

ते काय म्हणाले होते, हे मला कितीही ताण दिला तरी आठवेना. मॅडमनी ते पान वाचलं आणि वही मिटली. "सर, आजचा अभ्यास राहू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली आणि कळंबला गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो आणि प्रत्येक वाक्य वाईट वाटत होतं. तात्यांचं घर सापडलं. ते अंगणात कडबा बांधत बसले होते. केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच. त्यांनी मला ओळखलं, उठले, खाट झटकून दिली.

"या सायेब. लई दिसांनी."

त्यांची बायको, पारूमावशी, पाणी घेऊन आल्या. मी म्हणालो, "तात्या, त्या भट्टीचं बोलायचंय."

ते खाली बसले. "त्येचं आता काय बोलायचं? झाली चूक. मानसाचा हात कवातरी जातो."

मला वाटलं ते टोमणा मारतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला काय वाटतं, तुमची चूक होती?"

"तुमी शिकलेली मानसं. तुमी हातात गारा घिऊन बघितला, लिवलं, वाचून दावलं. मंग आमी काय म्हनायचं?" त्यांनी तळहात उलटा करून बघितला. "त्या दिसापासनं म्या ईट हातात धरली न्हाय."

पारूमावशी दारातून म्हणाल्या, "घरची चूल बी घातली न्हाय ओ. लेकीच्या घरी लगीन निघालं, तितं चूल घालाय बोलवलं तर म्हनले, माजा हात चांगला न्हाय. नऊ वर्सं झाली. आमची चूल शेजारनीनं घातलीय. गवंड्याच्या घरात!"

मी येताना एका रागावलेल्या माणसाची तयारी करून आलो होतो. मी लिहिलेलं खोटं त्या माणसानं खरं मानून नऊ वर्षं स्वतःच्या हातावर ठेवलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी पाणी प्यालो, परत मागितलं आणि तेही प्यालो.

मग मी विचारलं, "मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्याकडं आला होता. काय म्हणाला होता?"

"म्या म्हनलो, देवाचा जाळ आठ दिस पायजे, औंदा दोनच दिस मिळतोय, देव रागवंल. तुमी म्हनला, तात्या, देवाचं मी बघतो, तुमी ईटांचं बघा."

"देवाचा जाळ?"

"व्हय. बा सांगायचा, नवी भट्टी घातली की आठ दिस देवाला जाळ दाखवायचा, इझू द्यायचा न्हाय. का, ते त्येनं बी सांगितलं न्हाय, म्या बी इचारलं न्हाय."

तर असं झालं होतं. जाळ आठ दिवस हवा हे त्यांना माहीत होतं, कशासाठी ते नव्हतं. कशासाठी ते मला माहीत होतं, पण मी दिवस मोजले नव्हते. ते बरोबर बोलायला आले आणि मी त्यांचं बोलणं देवभोळेपणात जमा केलं.

मी त्यांच्या कडब्यातल्या काड्या काढल्या आणि अंगणात मांडायला बसलो. एक काडी म्हणजे एक दिवस. विटा लावल्या, इतक्या काड्या. मग मुहूर्त, तिथं एक खडा. मग मोळी, तिथं दुसरा खडा. "दरवर्षी या दोन खड्यांमध्ये आठ काड्या असतात. तेवढ्यात अस्तर वाळतं. देवासाठी नाही तात्या, अस्तरासाठी. आता त्या वर्षीचं बघा." मी मुहूर्ताचा खडा सहा काड्या पुढं सरकवला.

तात्या वाकून बघत राहिले. त्यांनी स्वतः बोट लावून मोजलं. एक, दोन. परत मोजलं. मी रविवारी केलं होतं तसंच.

"म्हंजी ईट वली हुती," ते म्हणाले.

"ओली होती. तुमचा गारा चांगला होता. चूक माझी होती."

तात्या ताडकन उठले. त्या माणसाचा आवाज चढलेला मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"नऊ वर्सं! नऊ वर्सं म्या ह्या हाताला शिव्या दिल्या! आन् तुमी हितं काड्या मांडाय आलाय?"

मी म्हणालो, मी साहेबांना पत्र देतो, फाइलला लावतो, तुमचं नाव परत यादीत घालतो.

"फायलीत न्हाय," तात्या म्हणाले. "जितं वाचलं हुतं, तितं वाचा. त्याच जागी, मानसं हुभी करून, मोठ्यानं. म्या पायरीवर बसून ऐकीन. न्हायतर फुना हितं यिऊ नगा."

मी शब्द दिला आणि निघालो.

आता यापुढचं सांगायला मला आवडत नाही. परीक्षेच्या अर्जावर मोठ्या साहेबांची सही लागत होती: या उमेदवाराचा अनुभव खरा आहे, असं प्रतिज्ञापत्र. आणि तो जुना अहवाल माझ्या सहीखाली मोठ्या साहेबांचीही सही घेऊन बसला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आत्ता हे काढलं तर आफ्रिकेवाल्यांना काय सांगायचं, आमचा माणूस मुहूर्त मोजायला विसरतो? आधी परीक्षा द्या. मग बघू." आणि पेन उघडून अर्जावर सही केली.

मी अर्ज घेतला, "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. पाच आठवडे मी अभ्यास केला. शिंदे मॅडमना वाटायचं मी तात्यांचं काम करून टाकलंय. त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "चालू आहे." सराव परीक्षेत मी अडतीसवरून ब्याऐंशीवर गेलो. मॅडमनी पेढे आणले. मी माझा पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

परीक्षा मुंबईत होती. मोठा थंड हॉल, माझ्या शेजारी सगळी माझ्या मुलाच्या वयाची माणसं. दुपारपर्यंत पेपर बरा चालला होता. मग एक प्रश्न आला. जुन्या कामात आपल्या चुकीमुळं दुसऱ्यावर ठपका आल्याचं तुमच्या लक्षात आलं, तर तुम्ही काय कराल? अ, वरिष्ठांच्या सोयीची वेळ बघाल. ब, पुढच्या कामात काळजी घ्याल. क, चूक ताबडतोब संबंधितांपुढं मान्य करून दुरुस्त कराल. ड, यांपैकी काही नाही. शब्द नेमके हेच नसतील, पण मी ते असेच वाचले.

बरोबर उत्तर मला येत होतं. मी "क"वर खूण केली. शाळेपासून इतक्या परीक्षा दिल्या, बरोबर उत्तर लिहिताना तोंडावर घाम यावा हे तेव्हा पहिल्यांदा झालं. मी आजूबाजूला बघितलं, कुणाला दिसतंय का म्हणून. पाच आठवडे मी "अ" जगलो होतो आणि मार्क "क"चे घेत होतो.

परत आल्यावर साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "पत्र फाइलला लावू. वाचायचं कशाला?" योगायोग असा की त्याच कारखान्यात त्या वर्षी आम्ही दुसरा बॉयलर बसवत होतो आणि दसऱ्याला अग्निप्रदीपन होतं. मी कळंबला निरोप धाडला, फक्त तारीख आणि वेळ.

त्या दिवशी मंडप, माइक, फेटे, सगळं होतं. जुने कामगार बरेचसे तेच होते. तात्या स्वच्छ धोतर-सदरा घालून आले आणि कुणाशी न बोलता जुन्या बॉयलरच्या त्याच पायरीवर जाऊन बसले. पूजा झाली, नारळ फुटला. आभार मानणाऱ्या माणसाच्या हातातून मी माइक घेतला. समोर मोठे साहेब बसले होते. मी त्यांच्याकडं न बघता कागद उघडला आणि वाचलं. नऊ वर्षांपूर्वी याच जागी मी एक अहवाल वाचला होता. तो चुकीचा होता. गारा चांगला होता, गवंडीकाम उत्तम होतं. भट्टी सुकायला आठ दिवस लागतात, मी दोन दिले. महादू तात्या मला सांगायला आले होते, मी ऐकलं नाही. भिंत माझ्यामुळं पडली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. एक म्हातारा फिटर मात्र मागून मोठ्यानं म्हणाला, "आमी तवाच म्हनत हुतो, तात्याचा हात असा जायचा न्हाय." म्हणजे खाली सगळ्यांना शंका होती. मला कुणी सांगायला आलं नाही, कारण मी कसं ऐकतो ते त्यांनी बघितलं होतं.

तात्या उठले, माझ्याजवळ आले, हात पुढं केला. मी हात मिळवायला गेलो, तर त्यांना कागद हवा होता. मी दिला. त्यांनी तो घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि निघून गेले.

आणि मला काय झालं? काहीही नाही. मी राजीनामा लिहून ठेवला होता. मोठे साहेब गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या हातातला माइक घेऊ नये." ज्याला मी पाच आठवडे भ्यालो, ते इतकंच होतं. याचा धक्का आजही ओसरलेला नाही. पुढं निकाल आला, पास. प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावलं. आफ्रिकेचं काम दुसऱ्याच कंपनीला मिळालं. शिंदे मॅडमना मी मधले पाच आठवडे खरे कसे गेले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आमच्या तक्त्यावर त्यानंतर कायम एक पट्टी असायची, "अस्तर सुकवणे, आठ दिवस," आणि मुहूर्त हलला की ती मोळीला ढकलत पुढं जायची. त्यावरून दोन चेअरमन माझ्यावर रागावले.

त्या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर मी नरसिंहपूरला एका लग्नाला गेलो होतो. परतताना आडवळण घेऊन कळंबला गेलो. वाचून दाखवलं नाही तर येऊ नका, असं तात्यांनी सांगितलं होतं. आता जायला हरकत नव्हती.

तात्या अंगणात नव्हते. पारूमावशी दारात आल्या आणि हसल्या. आतून तात्यांचा आवाज आला, "कोन हाय?"

"सायेब आल्यात."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. आत अंधूक होतं. तात्या चुलीपुढं उकिडवे बसले होते. चूल नवी होती. कडा सरळ, कोपरे गोल, सगळीकडं एकसारखा हात फिरलेला. त्यांची बोटं मातीनं भरली होती आणि चुलीत एकच काटकी धुमसत होती. त्यांनी डोळे मिटून चुलीच्या कडेवरून तळहात फिरवला, पूर्वी विटांवरून फिरवायचे तसा.

मला बसायला पोतं टाकलं. मावशी म्हणाल्या, "च्या टाकते की," आणि पातेलं घेऊन पुढं झाल्या. तात्यांनी हात आडवा केला.

"अजून वली हाय," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "सायेब, च्याला आठ दिसांनी या. मोजून."

मी आठव्या दिवशी गेलो.